नाकानोतलं सेलचं दुकान: पुढून तीन तारे, मागून पाच

आधी एक खुलासा. हा सेल साड्यांचा नव्हे आणि घड्याळात घालायचाही नव्हे. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "सहा हजार सहाशे येनला सेल घेतला," तर ती म्हणाली, "मग मूळ किंमत किती होती?"

हा सेल म्हणजे ॲसिटेटचा पारदर्शक तुकडा. साधारण ए-फोर कागदाएवढा, जरा चौकोनी, वरच्या कडेला तीन भोकं. जपानी कार्टून कॉम्प्युटरवर रंगवायला लागले त्याच्या आधी प्रत्येक चित्र असं एकेका तुकड्यावर उतरवायचे, मागच्या बाजूने ब्रशने रंगवायचे, पार्श्वभूमीच्या चित्रावर ठेवायचे आणि वरून कॅमेऱ्याने टिपायचे. टिपून झालं की सेलचं काम संपलं. मग तो कचऱ्यात. अगदी खराखुरा, कारखान्यातून निघतो तसला कचरा. त्यातून जे वाचले, कुणी मागून नेले, कुणी विकले, ते आज टोकियोत दुकानांतून मिळतात. अशाच एका दुकानाबद्दल लिहितेय. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि काउंटरवरच्या आजोबांना माझ्यामुळे त्रास झालेला मला आवडणार नाही.

आम्ही निशी-कासाईला राहतो. म्हणजे टोकियोतल्या ज्या भागात कढीपत्ता आणि तूरडाळ चालत जाऊन आणता येते तिथे. आमच्या स्टेशनवरून तोझाई लाइन पकडली की गाडी न बदलता थेट नाकानो, शेवटचं स्टेशन. तिथून उत्तरेच्या दारातून बाहेर पडायचं, छपराखालचा सन मॉल नावाचा बाजार सरळ चालायचा, आणि तो जिथे संपतो तिथे नाकानो ब्रॉडवे. १९६६ सालची इमारत. खाली चार मजले आणि तळघरात दुकानं, वर लोकांची घरं. १९८० मध्ये मांदाराके नावाचं जुन्या मांगांचं, म्हणजे जपानी कॉमिक्सचं, छोटंसं दुकान इथे सुरू झालं, ते आता इमारतभर पसरलंय आणि त्याच्या मागोमाग खेळणी, पोस्टर, घड्याळं, नाणी, सगळं आलं. लेकीला सोबत नेत असाल तर आधी तळघरात डेली चिकोचं आठ थरांचं आइस्क्रीम खाऊ घाला, नंतर वर जा. उलटं केलंत तर चिकट बोटं घेऊन सेलच्या दुकानात शिराल. हे अनुभवाने सांगतेय.

दुकान एवढंसं. दोघी जणी समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागतं. भिंतीवर प्रसिद्ध चेहरे, काचेच्या कपाटात कुलपात ठेवलेले. त्यांच्या किमतींकडे बघून मी मनातल्या मनात पेणच्या एसटी स्टँडमागे गाळा घेता येईल का असा हिशेब केला. खाली टेबलावर जाड फोल्डर, मालिकेप्रमाणे लावलेले, प्रत्येक पानात एक सेल. आणि अगदी कोपऱ्यात एक पुठ्ठ्याचं खोकं, "कुठलाही ५०० येन". त्या खोक्याकडे शेवटी येते.

किमतीचं गणित तासाभरात कळलं. चेहरा समोरून असेल तर महाग, डोळे उघडे असतील तर आणखी महाग. मिटलेले डोळे स्वस्त. पाठमोरा तर फारच स्वस्त. खलनायक मध्ये कुठेतरी. रंग कसा भरलाय याला काडीची किंमत नाही. हेच मला खटकलं, आणि का खटकलं ते सांगायला मला थोडं पेणला जावं लागेल.

मी पेणची. घरचा गणपतीचा कारखाना नव्हता, पण आत्या कारखान्यात रंगकामाला जायची आणि सुट्टीत मी तिच्या डब्यासोबत. आत्या बॉडी कलर आणि पीतांबर करायची. नगावर पैसे. डोळ्यांची आखणी मात्र मालक स्वतः करायचे, तेव्हा सगळा कारखाना गप्प. लोक मूर्ती बघायला यायचे आणि म्हणायचे, काय डोळे आखलेत! पीतांबराची किनार आत्याने एका दमात, हात न उचलता ओढलेली असायची. तिच्याबद्दल कुणी काही बोललेलं मला आठवत नाही. आत्यालाही त्याचं काही नव्हतं. ती फक्त मूर्ती उचलून ट्रकमध्ये ठेवताना हमालाला म्हणायची, "किनारीला धरू नको रे."

तर त्या दुकानात तिसरं फोल्डर उलटताना मोगली सापडला.

निप्पॉन ॲनिमेशनची १९८९ सालची बावन्न भागांची मालिका. आपल्याकडे दूरदर्शनवर १९९३ मध्ये दर रविवारी सकाळी लागायची. शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. माझ्या वयाच्या कुणालाही पुढचं सांगायची गरज नाही, शीर्षकगीत आपोआप डोक्यात वाजायला लागलं असेल. वाजू द्या. पण एक गोष्ट माझी एकटीची आहे: आमच्याकडे तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. शटरवाला. मी संपूर्ण मोगली राखाडी रंगात पाहिलाय. जंगल राखाडी, वाघ राखाडी, फूल राखाडी. रंगीत टीव्ही आला तेव्हा मालिका संपली होती आणि नंतर कधी शोधून बघावं असं डोक्यात आलं नाही. त्यामुळे एकोणचाळिसाव्या वर्षी, नाकानोत, प्लास्टिकच्या पिशवीतून मला पहिल्यांदा कळलं की मोगलीच्या अंगाचा रंग कसा आहे. गव्हाळ, पण जरा तांबूस. सावलीतला भाग पाणी भरलेल्या माठासारखा.

सेल छातीपर्यंतचा. नवऱ्याने फोटो बघून विचारलं, "चड्डी कुठाय?" नाही. छातीपर्यंतच आहे. चड्डीवाला घ्यायचा तर बजेट वाढवा.

मी आजोबांना म्हटलं, मागची बाजू बघू का? पिशवीत मागे पुठ्ठा घातलेला होता आणि पिशवी चिकटपट्टीने बंद. त्यांच्यासोबतचा तरुण मुलगा आधी अत्यंत नम्रपणे नाही म्हणाला. जपानी नम्र नकार ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत आहे, त्याच्यापुढे काही चालत नाही. मग आजोबांनी विचारलं, काही खराबी शोधताय का? मी म्हटलं, नाही, रंग बघायचाय, आमच्या घरी रंगकाम करणारं माणूस होतं. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, सुती मोजे चढवले, पट्टी सोडवली, पुठ्ठा काढला आणि सेल उलटा करून पांढऱ्या कागदावर ठेवला.

पुढून सेल गुळगुळीत, सपाट, छापल्यासारखा. मागून बघितला की माणूस दिसतो. रंगाचे ठिगळ एकाला एक भिडलेले, कडेला किंचित फुगलेले, मध्ये जरा बसलेले. मी मोजले, नऊ रंग. रेघ पुढच्या बाजूला असते आणि रंग मागच्या, त्यामुळे रंगवणारीला रेघेच्या जाडीच्या आतच कुठेतरी थांबायचं असतं. अलीकडे थांबली तर पुढून फट दिसणार, पलीकडे गेली तर रंग बाहेर येणार. ही रेघ केवढी? पेन्सिलीची. जबड्याखाली सावलीची कड होती, तिथे रंगवणारीचा हात एका जागी थांबलाय आणि पुन्हा निघालाय, तेवढा एक बारीक वळ उठलाय. आत्या असती तर म्हणाली असती, इथे कुणीतरी हाक मारली.

आणि डोळा. डोळ्यातली पांढरी चमक मागून दिसतच नाही! नुसता काळा उंचवटा. कारण उलट्या बाजूने रंगवताना जे सगळ्यात वर दिसायला हवं ते सगळ्यात आधी लावावं लागतं. आधी पांढरा ठिपका, तो वाळला की त्याच्यावरून काळी बाहुली, मग बाकीचं. पेणला डोळे सगळ्यात शेवटी, इथे सगळ्यात आधी. मी त्या काळ्या ढिगाकडे बघत उभी राहिले आणि लेक आइस्क्रीमचा कोन चघळत म्हणाली, "आई, तू चुकीच्या बाजूने बघतेयस."

या खात्याला स्टुडिओत 'शिआगे' म्हणतात. म्हणजे शेवटचा हात, फिनिशिंग. काम कसं चालायचं ते थोडं सांगते, कारण दुकानातल्या चिठ्ठीवर यातलं एक अक्षर नसतं.

ॲनिमेटरची पेन्सिलीची चित्रं आली की ती ट्रेस मशीनमधून सेलवर उतरायची. मध्ये कार्बन कागद आणि वरून उष्णता, म्हणजे पेन्सिलीची काळी रेघ सेलवर चिकटते. हे यंत्र येण्याआधी प्रत्येक रेघ बायका टाकाने हाताने गिरवायच्या. यंत्र आल्यावरही हात सुटला नाही, कारण चित्रात रंगीत पेन्सिलीने आखलेल्या ज्या रेघा असतात, सावलीची हद्द वगैरे, त्या कार्बन उचलत नाही. त्या रंगीत शाईने हातानेच काढायच्या, आणि अशा रंगात की सावलीचा रंग भरल्यावर रेघ त्यात विरून जावी. म्हणजे जी रेघ चांगली जमली ती कुणाला दिसतच नाही.

मग रंग. प्रत्येक रंगाला क्रमांक, आणि कुठे कुठला क्रमांक ते ठरवणं हे वेगळं काम, त्याला 'इरो-शितेई' म्हणतात. रंगवणारीच्या हातात सुती मोजे, ब्रश धरायची बोटं तेवढी कापून मोकळी ठेवलेली, कारण ॲसिटेटवर घाम लागला की डाग आणि धूळ बसली की तीही पडद्यावर चालायला लागते. रंग घासायचा नसतो. घासला की ब्रशचे ओरखडे उजेडात दिसतात. थेंबाचं छोटं तळं करायचं आणि ब्रशच्या टोकाने ते ढकलत रेघेपर्यंत न्यायचं. मी घरी येऊन ओएचपीच्या, म्हणजे प्रोजेक्टरच्या, पारदर्शक कागदावर पोस्टर कलरने करून पाहिलं. पोस्टर कलर प्लास्टिकवर धरत नाही, वाळला की पापुद्रे. दुसऱ्या वेळी ॲक्रिलिक आणून एक आंबा रंगवला. अर्धा तास लागला आणि देठाशी तीन सुया टोचल्यासारखी भोकं राहिली. अशी भोकं शोधायला वेगळी माणसं असायची, खालून दिवा लावून एकेक सेल तपासणारी. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. मला त्या माणसांबद्दल फार जिव्हाळा वाटला, आणि त्यांच्यावर बाकी खातं किती वैतागलेलं असेल याचीही कल्पना आली.

आता हिशेब करा. टीव्हीच्या कार्टूनमध्ये बहुतेक वेळा सेकंदाला आठ चित्रं. अर्ध्या तासाच्या एका भागाला तीन-चार हजार सेल. दर आठवड्याला. सिनेमाचं तर विचारूच नका. १९९७ च्या 'प्रिन्सेस मोनोनोके'ला सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार सेल लागले. त्या सिनेमाचे रंग ठरवणाऱ्या मिचियो यासुदा. १९५८ मध्ये तोएई स्टुडिओत लागल्या आणि नंतर अनेक वर्षं घिबली स्टुडिओच्या सिनेमांचे रंग त्यांच्या हाताखालून गेले. २०१६ मध्ये वारल्या. त्यांचं नाव निदान अभ्यासकांना माहीत आहे. पण ते रंग जारमधून ब्रशवर आणि ब्रशवरून सेलवर नेणाऱ्या शेकडो जणी? पुष्कळशा घरबसल्या काम करायच्या. सेलचा गठ्ठा घरी यायचा, मुलं शाळेत गेली की रंगवायच्या, पैसे नगावर. उजीचं क्योतो ॲनिमेशन, ज्याचं नाव आज जगभर घेतात, त्याची सुरुवातही तशीच: योको हात्ता आधी मांगाकार ओसामू तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शन स्टुडिओत रंगकाम करायच्या, लग्न होऊन तिकडे गेल्यावर १९८१ मध्ये त्यांनी शेजारपाजारच्या गृहिणींना घेऊन रंगकामच सुरू केलं. पुढे कंपनी झाली, मग स्वतःच्या मालिका.

एनएचके या इथल्या सरकारी वाहिनीची १९५० च्या दशकातल्या ॲनिमेशनवरची सकाळची मालिका २०१९ मध्ये लागली होती, ती मी जपानी शिकायला म्हणून बघायचे. नायिका आधी शिआगे खात्यात लागते आणि मग परीक्षा देऊन ॲनिमेटर होते. ती 'वर' गेली तेव्हा सगळ्यांना काय आनंद! मलाही झाला. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना लक्षात आलं की बढती म्हणजे रंगाच्या खोलीतून बाहेर पडणं, हे आपणही किती सहज धरून चाललो.

तर, मोगली घेतला. ६,६०० येन, कर धरून. म्हणजे साधारण पावणेचार हजार रुपये. आता तक्रारी.

पहिली. सेलसोबत मूळ पेन्सिलीचं चित्रही मिळतं असं चिठ्ठीवर लिहिलं होतं. घरी येऊन बघितलं तर ते चित्र सेलच्या मागे खालच्या कोपऱ्यात चिकटलेलं. दुकानात आजोबांनी सेल उलटा केला तेव्हा चित्र बाजूला उचलून धरलं होतं, आणि चिकटलेला कोपरा त्यांच्या अंगठ्याखाली होता. मुद्दाम असं मी म्हणणार नाही. हे घाईच्या कामात फार व्हायचं, रंग पुरता वाळायच्या आत गठ्ठा रचला की कागद चिकटतो, आणि तीस वर्षांनी तो सोडवायला गेलं तर रंगासकट येतो. जाणकार दुकानं चिठ्ठीवर तसं स्पष्ट लिहितात. यांनी लिहिलं नव्हतं. फोन केला. तरुण मुलाने पुन्हा तोच अत्यंत नम्र नकार दिला: विकलेला माल परत नाही. एक तारा तिथेच कापला.

दुसरी. वास. पिशवी उघडली की लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास यायला लागला. ॲसिटेट जुनं झालं की त्यातून व्हिनेगरचं आम्ल सुटतं, सेल आकसतो, लाटा येतात, आणि शेजारच्या सेललाही ते लागतं. हवाबंद पिशवीत कोंडलं तर जास्तच. आणि हे दुकान सगळे सेल हवाबंदच ठेवतं! आजोबा मोजे घालून सेल हाताळतात, पण त्याला श्वास घेऊ देत नाहीत. मोगलीचा वास अजून सौम्य आहे. मी तो पिशवीतून काढून सैल ठेवला, खाली आम्ल शोषणारा कागद, आणि जूनच्या त्सुयुमध्ये, म्हणजे इथल्या पावसाळ्यात, कपाटात ओल शोषणाऱ्या दोन डब्या. कोकणात वाढलेल्या बाईला ओलीशी कसं भांडायचं हे शिकवायला लागत नाही.

तिसरी तक्रार दुकानाची नाही, काळाची आहे. कपाळावरची रेघ तपकिरी झालीय, एका कानाजवळ जवळजवळ उडालीय. कार्बनची रेघ अशीच जाते. रंग मात्र जसाच्या तसा. हे मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. ॲनिमेटरची रेघ आधी जाते आणि रंगवणारीचा हात मागे राहतो.

फ्रेमचं सांगायचं तर, जवळच्या एका फ्रेमवाल्याकडे गेले. त्याने काच थेट सेलला टेकवून बसवायची तयारी केली. टेकवू देऊ नका! काचेला रंग किंवा रेघ चिकटली की संपलं. मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट हवी, आणि ऊन अडवणारी काच. मी म्हटलं, मला दोन्ही बाजूंनी काच हवी. त्याने तीनदा विचारलं, मागून का? शेवटी करून दिली आणि खरंच सुरेख केली, पण ९,९०० येन घेतले. सेलपेक्षा फ्रेम महाग. नवरा म्हणाला, हे म्हणजे नारळापेक्षा शेंडीला जास्त पैसे. चिकटलेला कोपरा मी सोडवला नाही, कागदासकट फ्रेममध्ये घातला. दिवसभर ऊन येत नाही अशा बोळात टांगलाय आणि आठवड्याला आलटून पालटून फिरवते. पाहुणे आले तर नवरा गुपचूप पुढची बाजू करून ठेवतो.

आजोबांना मी आणखी एक विचारलं होतं. जपानी रामायणाचा सेल कधी आला होता का? युगो साको आणि आपल्या मुंबईचे राम मोहन यांचा १९९२ चा सिनेमा, तोही असाच सेलवर हाताने रंगवलेला. २०२५ च्या जानेवारीत आपल्याकडे थिएटरात पुन्हा लागला होता. आजोबांनी मान हलवली. मग वहीत काहीतरी लिहून घेतलं, माझा नंबरही. याबद्दल मी तारा कापला नाही. म्हणजे पुढून हिशेब तीनवर आला: कापलेले दोन, चिठ्ठी आणि हवाबंद पिशवी. मागची बाजू उलटून दाखवणाऱ्या दुकानाला मागच्या बाजूचे पाच. मी आणखी तीन दुकानांत विचारलं, कुणीही दाखवली नाही.

जायचं असेल तर दुपारी बारानंतर जा, त्याआधी ब्रॉडवेतली बरीच शटर खाली असतात. रोख पैसे ठेवा. फोटो काढू नका. आणि हे वाक्य पाठ करून जा: "उरा ओ मिसेते मोरात्ते मो ई देस का?" मागची बाजू दाखवाल का? घाईने नका म्हणू, आणि तरुण मुलाला नका विचारू. प्रत्यक्ष काम कसं चालायचं ते बघायचं असेल तर त्याच दिवशी चुओ लाइनने तीन स्टेशनं पुढे ओगिकुबोला जा, तिथून सुगिनामी ॲनिमेशन म्युझियम. प्रवेश फुकट. लेकीला तिथे जास्त आवडलं, आइस्क्रीम सोडून.

नवे सेल आता व्हायचे नाहीत. टीव्हीवरची सेलवाली शेवटची मालिका 'साझाए-सान'. १९६९ पासून दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला लागते आणि २०१३ च्या सप्टेंबरपर्यंत तिच्यात सेल होते. त्यानंतर तीही कॉम्प्युटरवर. शिआगे खातं मात्र आहे, नावही तेच. आता रेघ स्कॅन करतात आणि रंग क्लिक करून ओततात. रेघेत एका ठिपक्याची फट राहिली की रंग बाहेर वाहून सगळं चित्र भरतो. तो ठिपका शोधायला आजही कुणीतरी बसलेलं असतं. माझ्याच जातीचं.

राहिलं ते पाचशेचं खोकं. त्यात उरलेसुरले सेल असतात, ज्यात चेहरा नाही असे. नुसता हात. छत्रीचा दांडा. आणि नुसती तोंडं. बोलण्याच्या दृश्यात चेहऱ्याचा सेल एकच ठेवायचे आणि त्याच्यावर तोंडाचा वेगळा सेल बदलायचे: मिटलेलं, अर्धं, उघडं. ही तीन तोंडं कोण घेणार? अख्ख्या पारदर्शक कागदाच्या मध्यभागी एक इंचाचे ओठ. मी पंधरा-वीस उलटून पाहिले. एका उघड्या तोंडाच्या मागे, जिभेच्या गुलाबी रंगात, कडेला, बोटाचा ठसा आहे. अर्धाच. मोजा कापलेल्या बोटाचा असणार, ओल्या रंगाला चुकून लागलेलं. बोटाच्या वळ्या मोजता येतात इतका स्पष्ट. पुढून काही म्हणजे काही दिसत नाही, म्हणून तपासणीत पास झाला असेल.

त्या दिवशी मोगली घेतला होता, शिवाय लेकीला बाथरूमला जायचं होतं, म्हणून तो तिथेच राहिला. मी तो खोक्यात मागून चौथा, छत्रीच्या दांड्याच्या आड सरकवून ठेवलाय. पगारानंतरच्या शनिवारी जाणार आहे. तुम्ही त्याआधी गेलात तर बाकी काहीही घ्या.